पाखऱ्याचे चांदीचे नाल

कासम, तुह्या मयतीले जमलेले सारे एकच बोलून रायले होते, "लय गोड मानूस होता." मीबी मान हालवली. मयतीत कोन वाद घालते? पन आता चौदा दिस झाले, तं खरं बोलतो. गोड अन् तू? अरे, अकोटच्या बाजारात तुह्या त्या चिंचेखाली बैल घेऊन आलेला एकबी कास्तकार तुही शिवी खाल्ल्याबिगर परत गेला नाई. बैलाले शिवी नाई, बैलाच्या मालकाले. "खूर पाय त्याचे! तुह्या बापानं तरी पायले होते का कई?" हे तुहं राम राम. बैलाशी मातर असा हळू बोलायचा, का घरात नवी सून आली. वीस वर्सं मी तुह्याकडं बैलायले नाल मारून घेतले. त्या वीस वर्सात आपलं एकदाबी धड जमलं नाई, अन् एकदाबी मी दुसऱ्या नालबंदाकडं गेलो नाई. आता हे कसं, ते तूच सांग.

गावच्या पंतोजीनं लहानपनी चार अक्षरं माह्या हातावर छडीनं बसवली होती, ते आज कामी येऊन रायले. बोलाचं तं तुह्यासमोर होतं. पन तोंडानं बोलाले मी किती शूर आहे, ते तुले ठाऊकच आहे.

पयल्यांदा आलो तो दिस आठवते का? मी नुकताच घरची बंडी हाकाले लागलो होतो, अंगात मस्ती होती. म्या दुरूनच ओरडून सांगतलं, "भौ, दोन बैलायले नाल ठोकून दे, मले दुपारच्या आत निंघाचं आहे." तू उठलाच नाई. टोपल्यातली चुलीची राख घेतली, जमिनीवर पसरली, झाडूनं सपाट केली, अन् म्हनला, "चालव."

"काय चालव?"

"बैल चालव बाप्पा. तुही चाल कोनाले पायाची आहे?"

म्या बैल त्या राखेवरून नेला, आनला. तू उकिडवा बसून ठसे पायत रायला. चिलीम विझली तरी पायत रायला. मंग म्हनला, "याचा मागचा उजवा बाहेरून जास्त दबते. हा पाय फेकते. याले बाहेरच्या आंगाचा पत्रा जरा रुंद लागते." म्या म्हनलं, नाल म्हंजे नाल, साऱ्यायले सारखेच असतात. तुनं माह्याकडं असं पायलं, का हा बह्याड कुठून आला.

बैलाचा खूर चिरलेला, म्हनून एका पायाले दोन पत्रे लागतात, चार पायाचे आठ. तुह्या हातच्या त्या आठात एक पत्रा दुसऱ्यासारखा नोता. एकेक पत्रा तू खुरावर ठेवून पायायचा, परत ऐरनीवर घ्यायचा, कानस मारायचा, परत ठेवायचा. खुराच्या बाहेर जवाभर जरी आला तरी चालायचं नाई, म्हने दुसऱ्या पायाले लागते. आत सरकला तरी चालायचं नाई, म्हने चिरीत खडा धरते. बैल पाडलेला, चारी पाय बांधलेले, मी त्याच्या मानेवर बसून घामाघूम, अन् तू आपला सोनारावानी जवाजवानं लोखंड घासून रायला. अन् इतकं करून बैल उठला का परत राख, परत चालवनं. ठसा पसंत पडला नाई तं खिळे काढून पयल्यापासून. एकदा तुनं माह्या पाखऱ्याचा एक पत्रा तीन वेळा काढला. तिसऱ्या वेळेले मी बोंबललो, "अरे, बैलानं तक्रार केली का तुह्याकडं?" तू म्हनला, "तेच तं. त्याले करता येत नाई."

म्या पाखऱ्याची मान परत दाबून धरली. पन मनात म्हनलं, हा मानूस मले अकोल्याले कई पोचू देनार नाई.

मंग ते कापसाचे दिस आले. सातासमुद्रापार कुठंतरी लढाई लागली म्हने, अन् आपल्या काळ्या वावरातल्या कापसाले सोन्याचा भाव आला. जो तो बंडी जुंपून अकोल्याच्या वाटेले. सडकेवर बंड्यायची अशी रांग, का मधातून कुत्रं पार होनं मुश्कील. त्या खडीच्या सडकेनं बैलायचे पाय सोलून निंघत, अन् तुह्या चिंचेखाली सकाळपासून गर्दी. साऱ्यायले घाई. तुले बिलकूल नाई. तुही राख तशीच, झाडू तसाच, चिलीम तशीच.

आपला मोठा वाद तवाच सुरू झाला. म्या म्हनलं, जाड लोखंड मार, दोन खेपा जास्त टिकते. तू म्हनला, "नाल टिकवाचा आहे का बैल?" म्या म्हनलं, दोन्ही. तू म्हनला, जाड पत्र्यानं बैलाचा पाय जड होते, तो पाय उचलत नाई, घासत नेते, गुडघे जातात. पातळ मार, महिन्यानं बदल. म्या म्हनलं, "महिन्यानं बदल म्हंजे महिन्यानं मी तुह्या दारात!" तू म्हनला, "तुहं तोंड पायाची मले लय हौस, नाई का?" हा वाद आपला अखेरपर्यंत मिटला नाई. अन् आताच सांगून ठेवतो कासम, या बाबतीत मी हार मानून नाई रायलो. तू फार पातळ मारायचा.

दुसरा वाद पावसाळ्याचा. मिरूग लागला का तू म्हनायचा, नाल काढून टाक. काळ्या मातीत नांगराले नाल कशाले? चार महिने खुराले हवा लागू दे, नवा खूर वाढू दे. मी म्हनायचो, काढाचे अन् परत ठोकाचे, खुराची चाळनी होते. दरसाल हेच. दरसाल मी शेवटी काढून घ्यायचो, अन् दरसाल कुरकुर करायचो. माह्या बायकोले, सगुनाले, हे पाठ झालं होतं. मिरगाच्या आदल्या दिवशी ती म्हनायची, "जा, भांडून या."

पन हिवाळ्यात तू आमच्या वावरात हुरडा खाले यायचा, तवा कायचा वाद अन् काय. घरी तुहं पितळी फुलपात्र वेगळं, वेगळ्या कोनाड्यात. त्यावर तू कई बोलला नाई, मीबी नाई. वावरात भांड्याचा सवालच नोता. एकाच आगटीतले कनसं, एकाच घोंगड्यावर चोळाचे, अन् एकाच पळसाच्या पानावर मीठ-मिरची. तू फुंका मारून मारून तोंड काळं करून घ्यायचा. माह्या जिंदगीत पोट भरून सुख कई भेटलं असं कोनी विचारलं, तं मी त्या वावराच्या धुऱ्यावरच्या दुपारा सांगीन.

आता मुद्द्यावर येतो. किती टाळू?

त्या साली भाव असा चढला, का लोकायचे डोस्के फिरले. बाजूच्या गावच्या पाटलानं बंडीच्या चाकाले चांदीची पट्टी चढवली. सारं गाव पायाले गेलं, मीबी गेलो. उन्हात ते चाक असं चमकून रायलं होतं, का माहा डोळा फिरला. घरी येऊन म्या ठरवलं, पोळ्याले माह्या पाखऱ्याले चांदीचे नाल. तोरनाखाली साऱ्या गावानं पायलं पायजे. सगुना म्हनली, "डोस्कं ठिकानावर आहे का?" म्या म्हनलं, तुले काय समजते. सोनाराकडून आठ पत्रे घडवून घेतले अन् ऐन पावसाळ्यात, भर बाजारात, तुह्या चिंचेखाली येऊन उभा रायलो.

तुनं ते पत्रे हातात घेतले. उलटेपालटे करून पायले. मंग दोन बोटात धरून एक पत्रा वाकवला, सहज, पोळीवानी. अन् हासला.

"हे वहिनीच्या पायात घाल. बैलाच्या नाई."

म्या म्हनलं, तू ठोकून दे, बाकीचं मी पायतो. तू हासाचा थांबला. "नारायन, खूर आता ओला आहे, मऊ आहे. मऊ खुरात खिळा कुठं जाईन, याचा मलेबी भरोसा नाई. अन् चांदी त्याहून मऊ. चार पावलं चालला का पसरते, चिरीत घुसते. मी नाई ठोकत."

"एका दिसाचाच तं सवाल आहे."

"पाय त्याचा जलमभराचा आहे."

आजूबाजूले पंधरा-वीस लोक. कोनी हासलं असंन, नसंन, पन मले वाटलं, सारे मले हासून रायले. अन् मंग मी ते बोललो. तुह्या पायात ते जुने जोडे होते, आंगठा बाहेर आलेले, टाच दबून सपाट झालेले. म्या म्हनलं, "आधी आपल्या पायातले फाटके जोडे पाय. मंग माह्या बैलाचे खूर पाय."

इतक्या वर्सात पयल्यांदा तुह्या तोंडून शिवी नाई, काई नाई. आठ पत्रे मोजून माह्या हातात दिले अन् दुसऱ्याच्या बैलाकडं वळला.

मंग म्या काय केलं, ते साऱ्या तालुक्याले ठाऊक आहे. इतके वर्सं तुहं पायलं होतं, वाटलं, त्यात काय आहे? दोन गडी लावून बैल पाडला अन् म्या स्वताच ठोकले. पुढच्या डाव्या पायात एक खिळा आडवा गेला. पाखऱ्यानं असा आवाज काढला, का माहा हातोडा थांबला. पन थांबला आपला, खिळा काढला नाई. म्या म्हनलं, उद्या पोळा आहे, होईन सहन.

दुसऱ्या दिवशी शिंगं रंगवले, झूल घातली, बाशिंग बांधलं. सगुनानं पुरनाचा घास भरवला, तो त्यानं तोंडात धरून ठेवला, गिळलाच नाई. तरी माहे डोळे उघडले नाई. तोरनापर्यंत कसाबसा आला. डफडे वाजून रायले, झडत्यायचे गाने सुरू, अन् पाखऱ्या तोरनाखाली बसला. बसला तो उठेचना. लोक म्हनाले, अपशकून. झूल वर करून पायलं, तं चांदी पसरून खुराच्या चिरीत घुसलेली अन् तिथून रगत. साऱ्या गावानं पायलं, जसं मले पायजे होतं तसं. मले कोनी मारलं असतं तं बरं वाटलं असतं.

रातभर तो कोनाले पायाले हात लावू देईना. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीले, सकाळी पाऊस सुरू, अन् पायतो तं तू अंगनात. डोक्यावर पोतं, खांद्यावर हत्याराची थैली. कोनी निरोप दिला नोता. बाजारात बातमी पोचाले वेळ लागते का? मले लाजेनं तोंड दाखवता येईना, म्हनून काईतरी बोलाचं म्हनून म्या तुह्या पायाकडं पायलं. लाल चामड्याचे नवेकोरे जोडे, टोकं वर वळलेले.

"वा! नवे जोडे! ऐट आहे बाप्पा!"

तू म्हनला, "हो. जुने फाटले होते." अन् सरळ गोठ्यात गेला.

पाखऱ्याच्या कानात तू काय बोलला, ते मले आजवर समजलं नाई. पन त्यानं पाय दिला. तुनं एकेक खिळा काढला, निंबाच्या पान्यानं धुतलं, सडलेलं तासलं, बिब्ब्याचं तेल सोडलं, हळद भरली, फडकं बांधलं. मी कंदिलावानी नुसता उभा. वाटलं, आता तू बोलशीन. आता शिव्या देशीन, माह्या बापाचा उद्धार करशीन, अन् मंग मी म्हनीन, चुकलं बा. तुनं हत्यारं थैलीत भरले. "उद्या येतो," म्हनला अन् गेला.

अकरा दिस आला तू. दोन कोस येनं, दोन कोस जानं, चिखलातून. अकरा दिस मी रोज तोंड उघडलं अन् रोज दुसरंच बोललो. पाऊस लय आहे. भाव खाली येईन म्हनतात. एका दिवशी तू लंगडत अंगनात आला, तं म्या हासून म्हनलं, "बैलापेक्षा तुहंच लंगडनं जास्त आहे, म्हातारा झाला तू." तू हासला. मले वाटलं, झालं, मिटलं. अकराव्या दिवशी पाखऱ्यानं पाय टेकला. तू राख मागितली. सगुनानं चुलीतली आनून दिली, गोठ्यात पसरली, तू बैल चालवला, ठसे पायले अन् म्हनला, "दिवाळीपर्यंत जुंपू नको. मंग घेऊन ये, पातळ नाल मारून देतो." 'पातळ' या शब्दावर जरा जोर दिला. मले इतकं बरं वाटलं, का काय सांगू. पुढं दोन वर्सं आपलं पयल्यासारखं चाललं. भांडनं, हुरडा, चिलीम, सारं. पाखऱ्या आजबी बंडी ओढते, राखेवर ठसे बरोबर उमटतात. ते आठ पत्रे सगुनानं आटवून घेतले अन् जोडवे केले. तुले कळलं तवा तू चिंचेखाली पोट धरधरून हासला, "मी काय म्हनलो होतो? वहिनीच्या पायात!" अजून ती चालली का वाजतात, अन् मी मान खाली घालतो.

त्या साऱ्या दोन वर्सात एक शब्द बोलाचा रायला. चुकलं. म्या म्हनलं, या पोळ्याले बोलीन. पोळ्याच्या दिवशी, पाखऱ्याले सजवून तुह्या चिंचेखाली नेईन, तोरनाखाली न्यायच्याबी आधी, अन् तुह्यासमोर साऱ्या बाजारात बोलीन, जिथं ते बोललो तिथंच. तू तीन दिसाच्या तापानं गेला. पोळ्याले अजून आठ दिस होते.

काल तुह्या घरी गेलो होतो. अमिनाभाभी पडद्याआडून बोलली. लय शांत होती. म्या तिले म्हनलं, भाभी, मी त्याले एकदा वाईट बोललो होतो. ती म्हनली, "जोड्याचं ना? ठाऊक आहे." मंग तिनं सारं सांगतलं.

म्हने, त्या बाजाराच्या दिवशी संध्याकाळी तू जो पयला लाल जोडा दिसला तो घेऊन घरी आला. पायात घालूनबी पायला नाई. तू! बैलाचा एक पत्रा तीनदा काढनारा तू! जोडा दोन बोटं लहान. भाभी म्हनली, परत करा. तू म्हनला, असू दे. अन् ते अकरा दिस तू जोडे हातात धरून अनवानी यायचा. आमच्या गावची शीव आली का नाल्यावर पाय धुवायचा, जोडे घालायचा, मंग गावात शिरायचा. जाताना शिवेवर परत काढायचा. "घरी आले का टाचा सोललेल्या," भाभी म्हनली, "मी रोज तेल चोळून द्यायची. म्या म्हनलं, नाई घातले तं काय होते? तं म्हनले, नारायन पायते. त्याले बरं वाटलं पायजे."

कासम, म्या पायलं होतं रे. तू लंगडून रायला होता अन् म्या पायलं होतं. माह्या बैलाच्या पायासाठी तू उकिडवा बसून चिलीम विझू द्यायचा, अन् मी तुहं लंगडनं पाहून हासलो.

घरी आलो. सगुना विचारून रायली, काय झालं? म्या तिले सारं सांगतलं. ती रडली. मी रडलो नाई, पन जेवलोबी नाई. आज सकाळी उठलो तं मन हलकं होतं, काहून ते ठाऊक नाई. बहुतेक यासाठी का असा मानूस मले भेटला होता, वीस वर्सं भेटला होता, अन् दरसाल मिरगाले माह्याशी भांडाले हजर होता. हे सुख कोन्या पाटलाच्या चाकाले चढवता येत नाई.

तं आता आईक. मधात बोलू नको. पावसाळ्यात नाल काढाव, हे तुहं खरं होतं. चांदीचं तुहं खरं होतं. अन् जोड्याचं जे मी बोललो, ते चुकलं माहं. लय चुकलं.

झालं. इतकंच होतं, कासम. अन् तू दोनच कोसावर होता.